भट्टीपर्यंतची वाट

मुंबईकरांच्या घशाखाली उतरणारी मोहाची दारू एके काळी उरणला गाळली जायची. उरण हे करंजा बेटावरचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथे पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या. मोहाची वाळलेली फुलं गुजरातेतून आणि पार जबलपूरकडून पोत्यांनी यायची, पाण्यात भिजायची, आंबायची आणि मग हंड्यात चढायची. एकदा गाळलेल्या मालाला राशी म्हणत, दुसऱ्यांदा गाळलेल्या कडक मालाला बेवडा. मोरा बंदरातून पिंपं होडीत चढली की समोर मुंबई. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याची नोंद आहे. उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं.

समुद्रातलं बेट, त्यावरच्या भट्ट्या आणि खाडीपलीकडे तहानलेलं मोठं शहर. अशा जागा पाहायला आज माणसं विमानाची तिकिटं काढून स्कॉटलंडला जातात. स्काय, ज्युरा, हॅरिस या बेटांवर बोटीने उतरतात, व्हिस्कीची भट्टी पाहतात, जिनची भट्टी पाहतात. मार्गदर्शक त्यांना सातूचे दाणे हातात देतो, आंबवणीच्या लाकडी टाक्यांवरून वाकून वास घ्यायला लावतो, हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या तांब्याच्या हंड्यांपाशी उभं करतो आणि शेवटी दोन बोटं चव देतो. करंजा बेटावर जाणाऱ्याला मात्र नौदलाचा तळ दिसतो, ओएनजीसीचा प्रकल्प दिसतो, जेएनपीटीकडे धावणाऱ्या कंटेनरांच्या रांगा दिसतात. भट्टी दाखवायला कोणी नेत नाही. असं का झालं, या प्रश्नातून हे पुस्तक उभं राहिलं.

मी वडखळचा. मुंबईहून येणारा रस्ता आमच्या नाक्यावर फुटतो. उजवीकडे वळलं की पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबाग. सरळ गेलं की नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड आणि दिवसभराच्या खड्ड्यांनंतर गोवा. शुक्रवारी संध्याकाळी निघालेल्या गाड्या या दोनपैकी एका वाटेला लागतात आणि त्यातल्या पुष्कळशा पिण्यासाठीच लागतात, हे नाक्यावरच्या वडापाववाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. अलिबागला जाणारा माडीची चौकशी करतो, गोव्याला जाणारा फेणीची. त्या गाड्यांतल्या माणसांना आपण जे पितो ते कोणी, कशापासून आणि कुठल्या कायद्याच्या सावलीत बनवलं याची फारशी माहिती नसते. ती आमच्या गावातही कोणाला नव्हती. आंबा नदीचं पाणी वडखळजवळून धरमतरच्या खाडीत उतरतं आणि त्या खाडीच्या तोंडाशी एका काठाला रेवस, दुसऱ्या काठाला करंजा. म्हणजे मुंबईची ती जुनी भट्टी आमच्या खाडीच्या टोकालाच होती. शाळेत आम्हाला कुलाबकर आंग्रे शिकवले, चिरनेरचा जंगल सत्याग्रह शिकवला, मिठागरं तर रोज डोळ्यांसमोर होती. उरणच्या भट्ट्यांविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. दारूचा इतिहास सांगायचा नसतो, असा आपल्याकडे एक समज आहे. तो समज मला मान्य नाही.

जी माणसं स्कॉटलंडच्या भट्ट्यांचं कौतुक करतात ती बहुधा धरून चालतात की तिथे ही परंपरा अखंड, राजमान्य आणि प्रतिष्ठित होती. तसं अजिबात नाही. १८२३ पर्यंत स्कॉटलंडच्या डोंगरांत आणि बेटांवर गाळली जाणारी बरीचशी व्हिस्की चोरटी होती. कर जबर होता, मध्यंतरी काही वर्षं तर मोठ्या हंड्यांनाच परवाना मिळत असे, त्यामुळे घरापाठी झऱ्याजवळ छोटा हंडा लावणारा शेतकरी आपोआप गुन्हेगार ठरे. अबकारी शिपाई यायचे, हंडा फोडायचे, आठवड्याने दुसरा हंडा लागायचा. १८२३ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा बदलला. कर निम्म्याहून खाली आणला, वर्षाला दहा पौंड भरले की परवाना मिळू लागला, छोट्या हंड्यालाही मिळू लागला. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना काढला. चोरटी दारू गाळणारे शेजारी त्याच्यावर इतके खवळले की त्याला म्हणे कित्येक वर्षं कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरावं लागलं. पण दिशा बदलली. स्काय बेटावरची टॅलिस्करची भट्टी १८३० ची, म्हणजे कायदा बदलल्यानंतरच्या त्याच लाटेतली. आज ज्याला आपण स्कॉच म्हणतो त्याच्या पोटात चोरट्या भट्टीवाल्यांचं कसब आहे. कायद्याने त्याला ओटीवर येऊन बसायला जागा दिली, एवढंच.

तेच साम्राज्य, पंचावन्न वर्षांनंतर, आपल्या किनाऱ्यावर नेमकं उलट वागलं.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा या पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज आहे. त्याआधी ठिकठिकाणी मक्तेदार होते, गावोगाव लहान भट्ट्या होत्या, आदिवासी पाड्यांवर घरापुरती दारू गाळली जाई. नव्या कायद्याने गाळण्याचं काम मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत गोळा करायचं, तिथून निघणाऱ्या थेंबाथेंबावर कडकपणाच्या हिशेबाने कर घ्यायचा आणि विक्रीचा मक्ता जिल्ह्यावारी द्यायचा, अशी व्यवस्था बसवली. या रचनेमागचं डोकं चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचं. मुंबई इलाख्यात जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही सगळी खाती एकाच कमिशनरकडे असत. पेणच्या माणसाला यातली खोच चटकन कळेल. मिठागरावर जो शिपाई पहारा देत होता, त्याच्याच साहेबाच्या कचेरीतून भट्टीवरही नजर होती. समुद्राचं पाणी उन्हात वाळवणं आणि रानातलं फूल पाण्यात भिजवणं, ही दोन्ही फुकटची कामं सरकारच्या तिजोरीला डाचत होती.

फुलाचं पुढे काय झालं ते तर विश्वास बसू नये असं आहे. पेण, रोहा, सुधागड, कर्जतच्या डोंगरांत मोह फाल्गुन-चैत्रात फुलतो. पहाटे फुलं गळतात, झाडाखाली पिवळट पांढरा सडा पडतो. कातकरी आणि ठाकर बायका-मुलं ती वेचतात, अंगणात वाळवतात. ही फुलं भाजून, उकडून खाल्ली जातात. घरातलं धान्य संपतं त्या दिवसांत त्यांचा आधार असतो. पण त्याच फुलांपासून कोणत्याही झोपडीत मडक्यावर मडकं ठेवून दारू गाळता येते आणि तशी दारू गाळली गेली तर मक्त्याच्या दुकानातली दारू खपणार नाही. म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर, विकण्यावर निर्बंध आले. झाड अंगणात, फूल पायाशी आणि ते उचलणं गुन्हा. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला १८२३ ने दहा पौंडांत परवाना दिला. कुलाब्याच्या कातकऱ्याला १८९२ ने फूल वेचायलासुद्धा बंदी केली. मला या दोन सालांच्या मध्ये सगळी गोष्ट दिसते. गाळण्याची विद्या, कच्चा माल, गिऱ्हाईक, पाणी, सगळं आपल्याकडे होतं. नव्हता तो छोट्या माणसाला उभं राहू देणारा कायदा.

माडीची कथा थोडी वेगळी. अष्टागरात, म्हणजे अलिबागपासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या नारळी-पोफळीच्या पट्ट्यात, भंडारी समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. माडावर चढून पोयीला दोर गुंडाळायचा, रोज हलक्या हाताने ठोकायचं, टोकाचा पातळ काप काढायचा आणि खाली मडकं बांधायचं. सकाळी उतरवलेली गोड, दुपारपर्यंत आंबलेली. सरकारने इथे झाडावर कर बसवला आणि तो वाढवत नेला. आज वाडीत चढणारे हात कमी झाले त्याला कराइतकंच नव्या पिढीचं शिक्षण, नोकऱ्या आणि माडावरून पडण्याची भीतीही कारण आहे. त्याचं वर्णन पुस्तकात आहे, इथे लांबवत नाही.

मग स्वातंत्र्य आलं आणि त्याबरोबर दारूबंदी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी. यामागे वसाहतीच्या तिजोरीचा हिशेब नव्हता. गांधीजींच्या चळवळीत दारूच्या गुत्त्यांवर निदर्शनं करताना ज्या बायकांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याशी दिलेला तो शब्द होता, आणि त्या शब्दाचा मी आदर करतो. परिणाम मात्र असा झाला की उरलीसुरली भट्टी कांदळवनात गेली. खाडीच्या चिखलात, भरतीच्या पाण्याआड, रात्री पेटणारी हातभट्टी. मोह गेला, त्याच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला. आजही वर्तमानपत्रात आठवड्याआड बातमी असते: अमुक खाडीत छापा, इतके लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट, आरोपी पसार. ज्या कामात कधी काळी चव, वास, ताकद यांचा विचार होता, ते काम आता फक्त पोलिसांच्या आधी आटपायचं काम उरलं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मारली. मिथेनॉलला रंग नाही, पिणाऱ्याला काही कळायला वाव नाही. उघड्यावर, नावानिशी, तपासणीखाली गाळणारा माणूस जिथून हद्दपार होतो, तिथे हीच दारू पोचते.

हे लिहिताना मला पूर्ण जाणीव आहे की दारूने मोडलेली घरं माझ्या वाचकांपैकी अनेकांनी जवळून पाहिली आहेत. मीही पाहिली आहेत. आमच्या तालुक्यातल्या वाड्यांवर शनिवारी मजुरी हातात पडते आणि रविवारी सकाळी ती उरलेली नसते. गावातल्या बायका मतदान करून दुकान बंद पाडतात, उभी बाटली-आडवी बाटली करतात, तेव्हा त्या बरोबरच करतात. हे पुस्तक कोणाला प्यायला सांगत नाही. हे एका हुन्नराविषयीचं पुस्तक आहे आणि हुन्नर जाणून घेण्यासाठी प्यायलाच पाहिजे असं नाही. किंबहुना माझा अनुभव असा की जो माणूस भट्टीवर दिवसभर बसून एक बाटली बनताना पाहतो, तो ती बाटली एका दमात रिकामी करत नाही.

असं बसून पाहण्याची जागा आपल्या जवळपास एकच आहे. गोवा.

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगीज होते, त्यामुळे मुंबईचा अबकारी कायदाही तिथे गेला नाही आणि १९५० ची दारूबंदीही गेली नाही. काजूचं झाडही पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं. त्यापासून फेणी गाळणं मात्र इथल्या माणसांनी घडवलं. नारळाच्या माडीपासून फेणी गाळण्याची रीत त्यांच्या हातात होतीच. मार्च ते मे हा काजूच्या भट्ट्यांचा हंगाम. सत्तरीसारख्या डोंगराळ तालुक्यात या दिवसांत गेलं तर भट्टी शोधावी लागत नाही, वासच रस्ता दाखवतो. पिकल्या बोंडूंचा गोडसर, किंचित उग्र, डोक्यात जाणारा वास.

मी पाहिलेली भट्टी डोंगराच्या उतरणीवर, झावळ्यांच्या मांडवात होती. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप गळलेला उचलतात, कारण तोडलेल्यात रस पुरता भरलेला नसतो. उचलताना तिथेच बी पिळून वेगळी करतात. खडकात कोरलेल्या उथळ कुंडात बोंडू ओतून एक तरुण पायाने तुडवत होता, संथपणे, एका लयीत. रस चरातून वाहत भांड्यात जमा होत होता. उरलेल्या चोथ्याची गोल रास रचून, ती वेलीने आवळून वर जड धोंडा ठेवला होता. त्यातून थेंब थेंब गळतो तो निरो. तो आंबवायचा नसतो, लगेच प्यायचा. कुंडाशेजारी उभ्या असलेल्या मुलांच्या हातात तोच होता, आणि मलाही पहिल्यांदा तोच मिळाला. गोड, आणि मागाहून घसा किंचित आवळणारा.

तुडवलेला रस तीनेक दिवस आंबतो. यीस्ट वगैरे काही घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि हवेत जे असतं तेच काम करतं. पूर्वी मातीची मोठी मडकी जमिनीत पुरलेली असत, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची पिंपं आहेत आणि म्हातारे भट्टीवाले त्यावर नाक मुरडतात. आंबलेला रस भाणात चढवतात. भाण पूर्वी मातीचं असे, आता तांब्याचं. त्याच्या तोंडातून एक नळी निघते आणि लवणी नावाच्या मडक्यात उतरते. लवणी थंड पाण्यात बसवलेली. सांधे लिंपायला वारुळाची माती वापरतात. ती तापली तरी तडकत नाही. भाणाखाली लाकडं आणि लवणीवर सतत गार पाणी. जाळ वाढला तर रस उफाळून नळीत येतो आणि सगळा माल नासतो. जाळ पडला तर वाफच चढत नाही. त्या दिवशी भट्टीपाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांचं लक्ष गप्पांत होतं असं मला वाटत होतं, पण दर थोड्या वेळाने त्या एखादं लाकूड मागे ओढायच्या किंवा करवंटीने लवणीवर पाणी घालायच्या. घड्याळ नव्हतं, तापमापक नव्हता. आत रस कसा खदखदतो त्या आवाजावरून त्या जाळ ठरवत होत्या. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. मला सगळा आवाज सारखाच वाटला.

पहिल्या गाळणीतून हुर्राक निघतो. सौम्य, पंधरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेला, टिकत नाही, म्हणून हंगामातच संपवायचा. त्याच हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळलं की फेणी. ती चाळीस टक्क्यांच्या वर जाते. ताकद मोजायचं काचेचं यंत्र आता सर्रास वापरतात, पण त्या बाईंच्या नवऱ्याने मला जुनी रीत दाखवली. फेणी उंचावरून पेल्यात ओतायची आणि वर जमणारे बुडबुडे किती बारीक आहेत, किती वेळ टिकतात ते पाहायचं. त्याने पेला उन्हाकडे धरला, मान हलवली, आणि बाजूच्या यंत्राकडे बघितलंही नाही.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला ‘वारसा पेया’चा दर्जा दिला. तोवर कायद्याच्या कागदावर फेणी म्हणजे नुसती देशी दारू होती, मळीपासून बनलेल्या संत्र्या-मोसंबीच्या बाटल्यांच्या रांगेत उभी. आता गोव्यात काजूच्या बागेतून फिरवून भट्टी दाखवणारे, फेणीची चव कशी घ्यायची ते शिकवणारे लोक आहेत. म्हणजे स्काय बेटावर जे घडतं तेच, फक्त उकाड्यात.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात बोचते. पत्रादेवीला गोव्याची हद्द संपते आणि बांद्याला महाराष्ट्र सुरू होतो. मधे कुठे माती बदलत नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यात काजूच्या बागा आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती तर देशभर लावल्या जातात. बी विकली जाते. बोंडू मात्र बागेत कुजतो, ढोरांपुढे जातो, किंवा टेंपोत भरून हद्दीपलीकडे गोव्याच्या भट्टीवर जातो. तिथे तो फेणी होतो. तीच बाटली कोणी परत घेऊन आला तर इन्सुलीच्या नाक्यावर अबकारी खात्याचे लोक ती जप्त करतात. फळ आपलं, ते उचलणारी माणसं आपली, कधी कधी तर भट्टीवर राबणारे हातही सिंधुदुर्गातले; फक्त तिथे त्याला वारसा म्हणतात आणि इथे मुद्देमाल. सिंधुदुर्गातले शेतकरी बोंडूपासून मद्य बनवण्याच्या परवान्याची मागणी करत आले आहेत. ती मागणी रास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

जिनचं आणि सिंगल माल्टचं जग यापेक्षा वेगळं, जास्त पैशाचं. तरी त्याला या पुस्तकात जागा दिली आहे, कारण त्यातून काही शिकण्यासारखं आहे. गोव्यात कुंकळीला जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे. तिची पॉल जॉन ही सिंगल माल्ट २०१२ मध्ये आधी लंडनच्या बाजारात आली. कुंकळीच्या पिंपांच्या कोठारात उभं राहिलं की हवामानाचा फरक नाकाला कळतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट उडते. पण त्याच उष्णतेने लाकूड आणि दारू यांचा व्यवहारही झपाट्याने होतो, म्हणून तिथे जे मुरायला दहा-बारा वर्षं लागतात ते इथे निम्म्यापेक्षा कमी काळात मुरतं. २०१७ पासून गोव्यातून जिनचे नवे ब्रँड निघाले: ग्रेटर दॅन, हापुसा, स्ट्रेंजर अँड सन्स. जिनला लागणारं जुनिपर आपल्याकडे किनाऱ्यावर होत नाही, हिमालयातून किंवा परदेशातून आणावं लागतं. बाकीचं मात्र, जायपत्री, मिरी, जायफळ, लिंबाची साल, आपल्या परसातलं. मला तर तिरफळाची जिन कोणी करावी असं फार वाटतं. बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ एकदा वाफेवर धरून पाहावं, ते लिंबासारखं उमलतं आणि मग जिभेला झिणझिण्या आणतं.

हॅरिस बेटाचं उदाहरण मी मुद्दाम सविस्तर घेतलं आहे. स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर असलेलं हे बेट. तरुण मुलं कामासाठी बाहेर जात होती, घरं बंद पडत होती. कोकणातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. तिथे २०१५ मध्ये टार्बर्ट गावात भट्टी सुरू झाली ती गावातल्या लोकांना गावात काम मिळावं या उघड हेतूने. व्हिस्की म्हणवून घ्यायला पिंपात किमान तीन वर्षं काढावी लागतात, तोवर पगार कुठून द्यायचे? म्हणून आधी जिन काढली. जिनला मुरावं लागत नाही. तिच्यात घालायला त्यांनी किनाऱ्यावरच्या समुद्रातली एक गोडसर शेवाळी वनस्पती निवडली, पाणबुड्या खाली जाऊन ती हाताने कापून आणतो. ती जिन जगभर गेली, आणि बेटाची स्वतःची व्हिस्की २०२३ मध्ये बाजारात आली, तोवर भट्टीत स्थानिक तरुणांची एक पिढी तयार झालेली होती.

असं महाराष्ट्रात होणारच नाही असं मुळीच नाही. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनवरचं अबकारी ओझं उतरवलं, आणि काही वर्षांत नाशिकच्या गंगापूर धरणाकाठी शनिवार-रविवारी गाड्या लावायला जागा मिळेना. मोहाच्या फुलांवरचे वाहतुकीचे आणि साठवणीचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले. डहाणूला एका जुन्या पारशी घराण्याच्या भट्टीने मोहाची दारू पुन्हा बाटलीत, लेबल लावून, ताठ मानेने विकायला आणली आहे. उरणच्या पारशी मालकांच्या मागे गेलेला धागा दीडशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर, जरा उत्तरेला, वर आलेला पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत मांडता येणार नाही. पण फुलं वेचणाऱ्या कातकरी बाईला त्या बाटलीच्या किमतीतले किती मिळतात, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला आहे आणि वाचकांनीही विचारावा. हॅरिसच्या भट्टीचा मोठेपणा तिच्या जिनच्या चवीपेक्षा तिने कोणाला कामावर घेतलं यात आहे.

पुस्तक घेऊन प्रत्यक्ष निघणाऱ्यांसाठी दोन शब्द. काजूच्या भट्ट्या पाहायच्या तर एप्रिलचा पहिला पंधरवडा उत्तम. मेअखेर पावसाचे ढग आले की मांडव मोडायला लागतात. सकाळी लवकर जावं, कारण तुडवणं उन्हाच्या आधी चालतं. भट्टी हे कोणाचं तरी घर असतं, बरेचदा स्वयंपाकघराला लागून. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत आणि चहा पुढे आला तर नाकारू नये. मालाचा भाव पाडून मागू नये. एक बाटली फेणीमागे किती बोंडू तुडवले जातात ते समोर पाहिल्यावर तसं मागवतही नाही. चालवणाऱ्याने निरो प्यावा, त्यापुढे जाऊ नये. राज्याची हद्द ओलांडताना सोबत काय नेता येतं याचे नियम परिशिष्टात दिले आहेत, ते आधी वाचावेत.

ज्यांना इतकं लांब जायचं नाही त्यांनी वडखळच्या नाक्यावरून उजवीकडे वळावं आणि रेवसला जावं. तिथून मचवा करंजाला सोडतो. पहिलं प्रकरण त्या मचव्यातून सुरू होतं.

वडखळ, ता. पेण